सदोष खाती आणि कोणीच न वाचलेले इशारे

प्रश्न: आमच्या विभागातील लिनक्स सर्व्हरांसाठी मी एक छोटे टूल लिहिले आहे. ते दर रात्री प्रत्येक सर्व्हरवरील पासवर्ड (खात्यांची यादी), शॅडो (पासवर्डचे हॅश, म्हणजे पासवर्डपासून काढलेली सांकेतिक रूपे) आणि ग्रुप (गटांची यादी) या तीन फाइली तपासते आणि शंकास्पद नोंदींची यादी ॲडमिन मंडळींना मेलने पाठवते. सुरुवातीला सगळे तो मेल वाचत असत. आता बहुतेकांनी तो परस्पर वेगळ्या फोल्डरमध्ये टाकण्याची सोय करून ठेवली आहे. मध्यंतरी एका सर्व्हरवर यूआयडी (खात्याचा क्रमांक) शून्य, म्हणजे सर्वाधिकारी 'रूट' खात्याचाच क्रमांक, असलेले दुसरे खाते कित्येक आठवडे तसेच राहिले. माझ्या टूलने ते पहिल्याच रात्री नोंदवले होते, पण 'होम डिरेक्टरी अस्तित्वात नाही' अशा ओळींच्या गर्दीत ते कोणाच्या नजरेस पडले नाही. आता एक सहकारी म्हणतो की टूलने सदोष ओळी आपल्या आपण दुरुस्त कराव्यात. दुसरी सहकारी म्हणते की खाते तयार करतानाच अडवावे, नंतरच्या इशाऱ्यांना काही अर्थ नाही. इशारा केव्हा द्यावा, कसा लिहावा आणि टूलने आपला हात कुठे आखडावा, याबद्दल आपले मत हवे आहे.

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

आपल्या टूलने आपले काम चोख केले आणि तरीही त्याचा उपयोग झाला नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, म्हणून सगळा दोष मेल न उघडणाऱ्या सहकाऱ्यांच्या माथी मारून चालणार नाही. आपले टूल फाइलीतील ओळ नियमाप्रमाणे आहे की नाही, एवढेच पाहते. ॲडमिनला मात्र वेगळेच जाणून घ्यायचे असते: ही ओळ वाचून कोणता प्रोग्रॅम काय चुकीचे करील? ज्या नोंदीबाबत या प्रश्नाचे उत्तर टूल लिहिणाऱ्याला एका वाक्यात देता येत नाही, त्या नोंदीबाबत इशारा देऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढचे जवळजवळ सर्व याच एका मतातून निघते.

आपली डोकेदुखी ठरलेल्या 'होम डिरेक्टरी अस्तित्वात नाही' या ओळीपासूनच सुरुवात करू. लिनक्सवर या फाइली तपासण्याचे जुने टूल म्हणजे पीडब्ल्यूसीके. डेबियन कुळातील एखाद्या नव्याकोऱ्या मशीनवर ते चालवले, तर छपाईसाठीचे एलपी, जुन्या काळचे यूयूसीपी, न्यूज अशा खात्यांच्या डिरेक्टऱ्या नाहीत, असे ते सांगू शकते. ते खोटे नसते. परंतु या खात्यांनी कोणी लॉगिन करत नाही, त्यांचे शेल (लॉगिननंतर कमांड घेणारा प्रोग्रॅम) मुद्दाम 'नोलॉगिन' ठेवलेले असते आणि ती डिरेक्टरी नसल्याने कोणाचेही काही अडत नाही. मशीन जन्माला आल्या दिवसापासून जो इशारा खरा आहे आणि ज्यावर करण्यासारखे काहीच नाही, तो ॲडमिनला एकच गोष्ट शिकवतो: या टूलच्या ओळी वाचायच्या नसतात. काही जण कटकट मिटावी म्हणून रिकाम्या डिरेक्टऱ्या तयार करून ठेवतात, म्हणजे इशारा गप्प करण्यासाठी सिस्टिममध्ये बदल होतो, जे अगदी उलटे आहे.

तरीही हाच शोध दुसऱ्या खात्याबाबत गंभीर असू शकतो. ज्याचे शेल चालू आहे, ज्याला पासवर्ड आहे किंवा ज्याच्यासाठी एसएसएच की (दूरवरून लॉगिन करताना पासवर्डऐवजी चालणारी किल्ली-फाइल) वापरली जाते, अशा माणसाच्या खात्याची होम डिरेक्टरी नाहीशी झाली आहे आणि तिच्या वरच्या डिरेक्टरीत इतरांना लिहिण्याची मुभा आहे, असे समजा. आता दुसरा कोणीही त्या नावाची डिरेक्टरी तयार करून तिच्यात स्वतःच्या पसंतीची लॉगिन स्क्रिप्ट ठेवू शकतो. तेव्हा तपासणी सुटी सुटी करू नये. डिरेक्टरी नाही, शेल चालू आहे, पासवर्डच्या जागी खरा हॅश आहे आणि यूआयडी माणसांसाठी राखलेल्या टप्प्यात आहे, या चार गोष्टी एकत्र आल्या तरच बोलावे. हा टप्पा बहुतेक लिनक्स वितरणांत १००० ते ६०००० असा असतो आणि तो लॉगिनच्या सेटिंग फाइलीत लिहिलेला असतो, त्यामुळे टूलने तो तिथूनच वाचावा, कोडमध्ये कोरून ठेवू नये. हा एवढा बदल केल्यावरच आपल्या मेलमधील बराचसा गाळ निघून जाईल, असा माझा अंदाज आहे.

आता उलट बाजू. पीडब्ल्यूसीके दोनच बाबी खऱ्या अर्थाने गंभीर मानते: ओळीतील रकान्यांची संख्या चुकणे आणि एकच नाव दोनदा येणे. पासवर्ड फाइलीत सात रकाने, शॅडो फाइलीत नऊ. एक कोलन कमी-जास्त झाला की ते सबंध ओळ पुसू का, असे विचारते. वेगवेगळ्या दोन नावांना एकच यूआयडी असणे मात्र त्याच्या तपासणीत येतच नाही, कारण ओळीच्या मांडणीत तसे काही चुकलेले नसते. म्हणजे ज्या नोंदीने आपल्याकडे घोळ घातला, ती नोंद या दृष्टीने निर्दोषच होती. धोकादायक नोंदी बहुधा अशाच असतात: व्याकरणशुद्ध, पण वाचणाऱ्या दोन प्रोग्रॅमनी दोन वेगळे अर्थ लावावेत अशा.

या दोन अर्थांचे बोलके उदाहरण २०१७ सालचे आहे. लिनक्सवरील सेवा सुरू करणाऱ्या सिस्टिमडीमध्ये एखादी सेवा कोणत्या युजरच्या नावे चालवायची, हे तिच्या युनिट फाइलीत, म्हणजे सेटिंग फाइलीत, लिहिता येते. त्या जागी आकड्याने सुरू होणारे नाव, उदाहरणार्थ '०डे', लिहिले तर सिस्टिमडीच्या नियमानुसार ते नाव अमान्य ठरत असे. प्रत्यक्षात मात्र काही वितरणांवरील यूजरॲड ही खाते तयार करणारी कमांड असे खाते खुशाल तयार करून देत असे. अमान्य नाव दिसल्यावर सिस्टिमडीने काय करावे? त्याने लॉगमध्ये एक इशारा लिहिला, ती ओळ दुर्लक्षित केली आणि सेवा सुरू केली. युजर ठरवणारी ओळच गळाल्यामुळे सेवा चालली ती रूटच्या अधिकाराने. युनिट फाइल लिहायला मुळात रूटच लागतो, मग यात दोष कसला, असा बचावही त्या वेळी झाला. मला तो कधीच पटला नाही, कारण ज्या ॲडमिनने तिथे नाव लिहिले त्याने ते नेमके रूट टाळण्यासाठीच लिहिले होते. पुढे हे वर्तन बदलले आणि नाव अमान्य असेल तर युनिट सुरूच करायचे नाही, असे ठरले.

आपल्या टूलसाठी या प्रकरणात शिकण्यासारखे आहे ते हे की इशारा दिला होता, तो खराही होता, पण त्यानंतर प्रोग्रॅमने जी वाट धरली ती सर्वांत घातक होती. खाते कोणाचे, अधिकार कोणाचे, याबाबत शंका असेल तेव्हा 'इशारा देऊन पुढे जाणे' हा मधला, सौम्य मार्ग नसतो. पुढे जाण्यासाठी काहीतरी गृहीत धरावे लागते आणि युनिक्समध्ये ते गृहीतक फार वेळा शून्य असते. म्हणून आपल्या सहकारी बाईंचे म्हणणे या मर्यादेत अगदी बरोबर आहे: खाते तयार करणाऱ्या किंवा खात्याचे अधिकार वापरणाऱ्या टूलने अशा ठिकाणी सरळ थांबावे. आपले टूल केवळ पाहणारे असल्यामुळे त्याला थांबवण्यासारखे काही नाही, पण इतर प्रोग्रॅम कुठे अडखळतील ते त्याने ओळखावे.

अशा अडखळण्याच्या जागा मोजक्याच आहेत आणि त्या आपल्या तपासणीत असाव्यात. केवळ आकड्यांचे युजरनाव हे एक ठिकाण. फाइलीची मालकी बदलणाऱ्या सीएचओन या कमांडबाबत पॉझिक्स या युनिक्स-मानकाचा नियम असा आहे की दिलेला आकडा युजरनाव म्हणून सापडला, तर ते नाव मानायचे. नसेल तर यूआयडी मानायचे. समजा कोणी '१००५' नावाचे खाते तयार केले आणि त्याचा यूआयडी १०४२ आहे. ज्या स्क्रिप्टा आजवर १००५ या यूआयडीला फाइली देत होत्या, त्या दुसऱ्या दिवसापासून कसलीही कुरकुर न करता १०४२ ला देऊ लागतील. दुसरे ठिकाण म्हणजे अवाढव्य यूआयडी. २०१८ च्या डिसेंबरमध्ये पोलकिट या परवानग्या ठरवणाऱ्या घटकातील असा दोष जाहीर झाला की ज्या युजरचा यूआयडी २१४७४८३६४७ पेक्षा मोठा आहे, त्याला सेवा नियंत्रित करणाऱ्या सिस्टिमसीटीएलची कोणतीही कमांड परवानगीशिवाय चालवता येत होती. ही ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकाची कमाल मर्यादा आहे. तिच्यापुढचा आकडा एका प्रोग्रॅमला मोठा दिसतो आणि दुसऱ्याला ऋण. ४२९४९६७२९५ हा यूआयडी तर कधीच कोणाला देऊ नये, कारण यूआयडी बदलणाऱ्या काही सिस्टिम कॉलना (प्रोग्रॅमने कर्नलला केलेल्या विनंत्यांना) त्याचा अर्थ 'बदल करू नका' असा लागतो. १६ बिटांच्या काळापासून ६५५३५ हा आकडाही याच कारणाने टाळतात.

अर्धवट बंद केलेली खाती हे तिसरे ठिकाण आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित. कोणी नोकरी सोडली की पासवर्ड कुलूपबंद करण्याची कमांड दिली जाते, शॅडो फाइलीत हॅशच्या आधी उद्गारचिन्ह येते आणि खाते बंद झाले असे सगळे समजतात. एसएसएच कीने होणारे लॉगिन मात्र त्याने थांबेलच असे नाही, कारण तिथे पासवर्ड विचारलाच जात नाही. खाते खरोखर बंद करायचे तर खात्याची मुदत संपलेली दाखवावी लागते, शेल बदलावे लागते आणि कीची फाइल काढावी लागते. ओपनबीएसडी या युनिक्स-कुळातील प्रणालीच्या रोजच्या सुरक्षा-तपासणीत बंद असूनही वैध शेल असलेल्या खात्यांची वेगळी दखल घेतली जाते आणि ती प्रथा उचलण्याजोगी आहे.

आपल्या पहिल्या सहकाऱ्याच्या सूचनेला, म्हणजे टूलने ओळी आपल्या आपण दुरुस्त कराव्यात याला, माझा ठाम विरोध आहे. रकाने चुकलेली ओळ पुसली म्हणजे खाते गेले, पण त्या खात्याच्या फाइली डिस्कवर तशाच राहिल्या, फक्त मालकाच्या नावाऐवजी आता नुसता आकडा दिसतो. पुढे तोच आकडा नव्या युजरला मिळाला की जुन्या माणसाचे सगळे कागद नव्याच्या हाती आयते पडतात. एकच यूआयडी असलेल्या दोन नावांपैकी खरे कोणते, हे टूलला कळण्याचा मार्ग नाही. आकड्यावरून नाव शोधणारा कोणताही प्रोग्रॅम फाइलीतील पहिली ओळ घेतो, म्हणून पहिली खरी, असे मानणे ही निव्वळ सोय झाली. शिवाय दिसायला सदोष असणारी प्रत्येक नोंद चुकीची नसते. युनिक्स-कुळातील फ्रीबीएसडीवर 'टूर' नावाचे यूआयडी शून्य असलेले खाते मूळ स्थापनेतच येते आणि ते रूटला पर्यायी शेल मिळावे म्हणून असते. नेटवर्कवरून खाती पुरवणाऱ्या जुन्या एनआयएस व्यवस्थेत अधिक चिन्हाने सुरू होणारी ओळ ही 'उरलेली खाती नेटवर्कवरून आणा' अशी सूचना असते, खाते नव्हे. ती ओळ योग्य की धोक्याची, हे नावे कुठून शोधायची ते ठरवणाऱ्या सेटिंग फाइलीवर अवलंबून असते, म्हणून टूलने ती फाइल आधी वाचली पाहिजे. आणि एवढे सगळे करून टूलने दुरुस्ती केलीच, तरी खाती मध्यवर्ती व्यवस्थेतून ढकलली जात असतील, तर पुढच्या फेरीत तीच सदोष नोंद परत येईल, टूल ती परत पुसेल आणि दोन स्वयंचलित व्यवस्थांचे हे भांडण कोणाच्याही लक्षात येणार नाही.

दुसऱ्या सहकारी बाईंच्या म्हणण्याचा राहिलेला अर्धा भाग, म्हणजे नंतरचे इशारे निरर्थक आहेत, तो मात्र मान्य करता येत नाही. खाती केवळ यूजरॲडमधून येत नाहीत. कोणी एडिटरने फाइल उघडते, कोणाची स्क्रिप्ट शेवटी एक ओळ चिकटवते, बॅकअपमधून जुनी फाइल परत येते, दोन विभागांची खाती एकत्र केली जातात. पहाऱ्याची चौकी दारावर असली तरी रात्रीची गस्त लागतेच.

आता इशारा लिहावा कसा, याकडे वळू. दोन चालू नमुने शेजारी ठेवून पाहा. यूजरॲडला ठरलेल्या टप्प्याबाहेरचा आकडा दिला, तर ते म्हणते की अमुक युजरचा यूआयडी ५०० हा किमान १००० आणि कमाल ६०००० या मर्यादेबाहेर आहे. कोण, काय, कोणत्या नियमाने, हे सगळे एका वाक्यात आले. डेबियनच्या ॲडयूजर या तशाच कमांडला मात्र न चालणारे नाव दिले, तर ते अनेक वर्षे असे सांगत आले की सेटिंगमध्ये दिलेल्या रेग्युलर एक्स्प्रेशनशी (अक्षरांच्या नमुन्याशी) जुळणारे नाव द्या, नाहीतर तपासणी शिथिल करणारा अमुक पर्याय वापरा. नावातील कोणते अक्षर खटकले ते सांगितले नाही, ते का चालत नाही तेही नाही. पळवाट मात्र अक्षरशः टाइप करण्याजोग्या रूपात दिली. घाईतला माणूस काय करील, हे सांगायला नको. पळवाट असायला माझी हरकत नाही, पण परिणाम सांगण्याआधी ती सांगू नये.

आपल्याकडे घडलेल्या प्रकरणासाठी मी पुढीलप्रमाणे इशारा लिहिला असता:

"पासवर्ड फाइल, ओळ ३१: 'बॅकअप२' या खात्याचा यूआयडी ० आहे. या खात्याने लॉगिन करणाऱ्यास रूटचे सर्व अधिकार मिळतात आणि त्याच्या प्रोसेस व फाइली 'रूट' याच नावाने दिसतात. शेल चालू आहे. पासवर्ड ठेवलेला आहे. ही नोंद कालच्या तपासणीत नव्हती. खाते मुद्दाम ठेवले असेल, तर मान्य-यादीत कारणासह नोंदवा. नसेल, तर प्रथम चालू लॉगिन पाहा आणि मगच ओळ काढा. यूजरडेल वापरू नका."

शेवटचे वाक्य उगाच नाही. यूआयडी शून्य असलेले दुसरे खाते यूजरडेल या खाते काढण्याच्या कमांडने काढायला गेल्यास, हे खाते प्रोसेस १ वापरत आहे, असे उत्तर मिळते, कारण मशीनची पहिली प्रोसेस रूटचीच असते आणि टूलला दोन्ही नावे एकच वाटतात. मग माणूस जबरदस्तीचा पर्याय देतो, कधी त्याच्या जोडीला होम डिरेक्टरी पुसण्याचाही, आणि त्या खात्याची होम डिरेक्टरी कोणती लिहिली होती, हे त्याने पाहिलेले असतेच असे नाही. अशी ओळ व्हीआयपीडब्ल्यू या पासवर्ड फाइल संपादित करण्याच्या कमांडने फाइल उघडून हातानेच काढावी. इशाऱ्यात उपाय सुचवायचा असेल, तर तो उपाय त्याच नेमक्या परिस्थितीत स्वतः करून पाहिलेला असावा. सर्वसाधारण सल्ला इथे घात करतो.

काय छापू नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. सदोष ओळ जशीच्या तशी दाखवण्याचा मोह होतो, पण शॅडो फाइलीतील ओळ दाखवली म्हणजे पासवर्डचा हॅश मेलमध्ये गेला, तिथून मेलच्या बॅकअपमध्ये आणि कोणाच्या तरी फोनमध्ये गेला. ओळ क्रमांक आणि खात्याचे नाव पुरेसे आहे. पासवर्डच नसलेल्या खात्यांची यादीही मेलने फिरवू नये. मेलमध्ये फक्त सर्व्हरचे नाव आणि अशा खात्यांची संख्या द्यावी, तपशील फक्त रूटला वाचता येईल अशा फाइलीत ठेवावा. दुसरी खबरदारी अदृश्य अक्षरांची. २०२३ साली खाती हाताळणाऱ्या कमांडच्या 'शॅडो' संचाच्या ४.१३ या आवृत्तीत असा दोष आढळला की स्वतःची माहिती बदलण्याच्या सीएचएफएन या कमांडमधून साध्या युजरला पासवर्ड फाइलीत नियंत्रण-अक्षरे घुसवता येत होती. नवी ओळ घालता येत नसे, पण कर्सर ओळीच्या सुरुवातीला नेणारे अक्षर घातले की टर्मिनलवर फाइल पाहणाऱ्याला आधीचा मजकूर पुसून भलतेच काही दिसू शकते, जणू एखादे नवे रूट खाते तयार झाले आहे. आपले टूल हेच रकाने वाचून मेलमध्ये छापणार असेल, तर ही फसवणूक ते इमानेइतबारे पुढे पोहोचवील. प्रत्येक नियंत्रण-अक्षर दिसेल अशा रूपात बदलूनच छापावे, आणि असे अक्षर सापडणे हाच एक स्वतंत्र इशारा मानावा.

इशाऱ्यांच्या पातळ्या किती असाव्यात, असा प्रश्न पुढे येईलच. माझे मत दोनच, असे आहे. पहिली, जिच्यासाठी कोणाला तरी रात्री उठवणे योग्य ठरेल; दुसरी, जी कामाच्या रांगेत नेमक्या एका माणसाच्या नावे पडेल. 'सूचना', 'माहिती', 'किरकोळ' अशा मधल्या पायऱ्या वाचणाऱ्यापेक्षा लिहिणाऱ्याच्या समाधानासाठी असतात, आणि एखादी बाब दोन्हींत बसत नसेल तर ती अहवालात ठेवा, इशाऱ्यात नको. पहिल्या पातळीत मी अगदी थोडे ठेवीन: मान्य-यादीत नसलेला यूआयडी शून्य, शेल चालू असलेले पासवर्डविरहित खाते, नियंत्रण-अक्षरे आणि रकाने तुटल्यामुळे वाचताच न येणारी ओळ.

मान्य-यादी हवीच, पण ती म्हणजे नुसते गप्प बसवण्याचे बटण होऊ नये. प्रत्येक मान्यतेला कारण, मान्यता देणाऱ्याचे नाव आणि संपण्याची तारीख असावी, आणि मान्यता त्या नोंदीतील मजकुराला असावी, नुसत्या नावाला नव्हे. 'बॅकअप२' ला मान्यता दिली आणि उद्या त्याचे शेल बदलले, तर ती मान्यता आपोआप गळून पडली पाहिजे. फ्रीबीएसडीची रोजची सुरक्षा-तपासणी यूआयडी शून्य असलेली खाती छापते, त्यात रूट आणि टूर ही दोन नावे रोज येतात. डोळ्यांना त्या दोन ओळींची इतकी सवय होते की तिसरी ओळ आली तरी पटकन जाणवत नाही. ओपनबीएसडी महत्त्वाच्या फाइलींत कालपासून काय बदलले, तेही दाखवते, आणि माणसाचे लक्ष बदलाकडेच जाते. मात्र फक्त बदलच दाखवायचा म्हटले, तर पहिल्या रात्री निसटलेली गोष्ट दुसऱ्या रात्रीपासून नेहमीची होऊन बसते, जे आपल्याकडे वेगळ्या वाटेने का होईना, घडलेच. म्हणून बदल रोज सांगावा, आणि पहिल्या पातळीतील न सुटलेली प्रत्येक बाब ठरावीक अंतराने, ती किती दिवस पडून आहे त्यासह, मेलच्या अगदी वर पुन्हा आणावी.

काहीच सापडले नाही तर मेल पाठवू नये. त्यात एक अडचण आहे: सगळे ठीक आहे म्हणून शांतता आणि टूलच बंद पडले म्हणून शांतता यांत मेलपेटीला फरक कळत नाही. त्यासाठी टूलने प्रत्येक यशस्वी फेरीची वेळ आपल्या देखरेख-व्यवस्थेकडे कळवावी आणि ती वेळ फार जुनी झाली, तर तिनेच ओरड करावी. एक्झिट कोडही (प्रोग्रॅम संपताना देतो ते निकालाचे आकडे) याच हिशेबाने ठरवावेत. पीडब्ल्यूसीके याबाबत शिस्तीचे आहे: दोष नाही तर शून्य, नोंदी सदोष असतील तर २, फाइल उघडता आली नाही तर ३, कुलूप लावता आले नाही तर ४. आपल्या टूलमध्ये 'दोष नाही' आणि 'पाहता आले नाही' हे दोन निकाल कुठेही, अगदी सारांशाच्या ओळीतही, एकत्र येऊ देऊ नका. खाती एलडॅपवरून (नेटवर्कवरील मध्यवर्ती खाते-यादीवरून) येत असतील आणि त्या रात्री तो सर्व्हर उत्तर देत नसेल, तर स्थानिक फाइली स्वच्छ आढळल्या तरी फेरी अपूर्ण म्हणूनच नोंदवावी, आणि कोणत्या स्रोतापर्यंत पोहोचता आले नाही ते नावानिशी लिहावे.